ग्रहणाला जुळतं, अष्टमीला चुकतं

२० ऑगस्ट २०२३, रविवार, सकाळचे साडेसात. रत्नागिरीत बाजाराच्या तोंडाशी फुलांची एक टपरी आहे. तिथे एक गृहस्थ आले आणि त्यांनी दूर्वांच्या एकवीस जुड्या मागितल्या. फुलवाली झेंडूच्या ढिगावर पाणी शिंपडत होती, तिचा हात थांबला. श्रावणातली विनायकी असली की चार-दोन जुड्या नेणारे येतात, हे तिला ठाऊक होतं. पण या गृहस्थांना एकवीस जुड्या, तांबडी जास्वंद, शमी, केवडा, पत्री, सगळंच हवं होतं. "आमचा गणपती आज बसतो. टिळक पंचांग," ते म्हणाले. तिनं पिशवी भरली, ओल्या बोटांनी नोटा मोजून घेतल्या आणि सुटे परत देता देता विचारलं, "मग काका, आमच्याकडे येणारा महिनाभर कुठं थांबतो?" विचारण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गृहस्थ नुसते हसले आणि निघाले. याचं उत्तर द्यायचं तर तासभर उभं राहावं लागलं असतं, आणि घरी प्राणप्रतिष्ठेची वेळ जवळ येत होती.

प्रश्न तिथंच राहिला.

त्या दिवशी एकाच आळीत दोन महिने चालू होते. एका घरात भाद्रपद शुद्ध चतुर्थी, उकडीच्या मोदकांची वाफ, समईच्या तेलाचा वास. शेजारच्या घरात श्रावण शुद्ध चतुर्थी, आणि दुसऱ्या दिवशीच्या नागपंचमीसाठी पाटावर गंधानं नाग काढायची तयारी. सोमवार उजाडला तेव्हा एकीकडे ऋषिपंचमीची भाजी शिजत होती, दुसरीकडे श्रावणी सोमवारचा उपास होता. दोन्ही घरं सारखीच देवभोळी, सोवळ्याओवळ्याची, आणि दोघांचीही तिथी चतुर्थीच. मतभेद होता तो फक्त महिन्याच्या नावावर. बाहेरून पाहणाऱ्याला हे हट्टाचं वाटतं. पण श्रद्धाळू माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करू शकतो का, असा वाद निघाला की मला हटकून ही आळी आठवते. या वादात एक बाजू म्हणते, श्रद्धा म्हणजे डोकं गहाण टाकणं. दुसरी म्हणते, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच कळलेलं होतं. दोघांपैकी कुणी पंचांग उघडून गणित मांडलेलं सहसा दिसत नाही. आणि पंचांगाइतकी श्रद्धा आणि शंका एकाच पानावर छापलेली दुसरी वस्तू मराठी घरात शोधून सापडणार नाही.

आधी फुलवालीच्या प्रश्नाचं गणित मांडू. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे किती गेला त्याचं माप, दर बारा अंशांना एक तिथी. अमावास्येला अंतर शून्य, पौर्णिमेला १८०. यात आकाशाचा शून्य बिंदू कुठे मानला याचा काही संबंध येत नाही, कारण वजाबाकीत तो उडून जातो. म्हणून टिळक पंचांगाची आणि सोलापूरच्या दाते पंचांगाची तिथी एकच असते. महिन्याचं नाव मात्र सूर्य त्या चांद्रमासात कोणत्या राशीत शिरला त्यावरून ठरतं. सिंहेत शिरला तर श्रावण, कन्येत शिरला तर भाद्रपद. एकाही राशीत शिरला नाही तर तो अधिक. आणि राशी कुठे सुरू होते हे ठरवायला शून्य बिंदू लागतोच. एक पक्ष, दाते पंचांगाचा, म्हणतो, चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. दुसरा, टिळक पंचांगाचा, म्हणतो, रेवतीच्या पुंजक्यातल्या एका मंद ताऱ्यापाशी, ज्याला पाश्चात्त्य यादीत झीटा पिशियम म्हणतात. या दोन बिंदूंत जवळजवळ चार अंशांचं अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, तेव्हा टिळक पंचांगाची प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी येते. त्यांचा तिळगूळ १० जानेवारीच्या सुमारास वाटला जातो तो याचमुळे.

आता २०२३ बघा. एक चांद्रमास सुरू झाला १७ आणि १८ जुलैच्या मधल्या मध्यरात्री आणि संपला १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास. चित्रापक्षाप्रमाणे सूर्य सिंहेत शिरला १७ ऑगस्टच्या दुपारी, महिना संपल्यावर एक दिवससुद्धा पुरता गेला नव्हता. तेवढ्यानं हुकलं. तो महिना संक्रांतीविना राहिला आणि अधिक श्रावण झाला. रेवतीपक्षात हीच संक्रांत १३ ऑगस्टच्या आसपास होऊन गेली होती, म्हणून त्यांच्याकडे तोच महिना सरळ श्रावण, आणि पुढचा भाद्रपद. एका घरात २० ऑगस्टला गणपती, दुसऱ्या घरात १९ सप्टेंबरला. उरलेल्या बहुतेक वर्षी दोन्ही पंचांगं एकाच दिवशी येतात, कारण चार दिवसांच्या त्या फटीत अमावास्या सापडली तरच महिना फुटतो.

म्हणजे त्या गृहस्थांच्या गणपतीला महिनाभर आधी आणणारा तो रेवतीचा एक तारा होता, इतका मंद की शहराच्या दिव्यांत दिसतही नाही.

हा तारा आळीत आला कसा? १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत छापली. गणित युरोपीय वेधांवर, म्हणजे आकाशाच्या निरीक्षणांवर, आधारलेलं, उपयोग मात्र एकादशी, संकष्टी आणि संक्रांत ठरवण्यासाठी. १८६५ पासून त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं, आणि शून्य बिंदू म्हणून त्यांनी तो रेवतीचा तारा घेतला. त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक पुढे याच पक्षाचे झाले. पंचांगाच्या शुद्धीसाठी १९०४ मध्ये मुंबईत, १९१७ मध्ये पुण्यात आणि नंतर सांगलीत ज्योतिषी, शास्त्री आणि गणिती एकत्र बसले. दुसऱ्या बाजूला बागलकोटला शाळेत शिकवणारे व्यंकटेश बापूजी केतकर होते, त्यांनी चित्रापक्ष उचलून धरला आणि नव्या गणिताचे ग्रंथ संस्कृत श्लोकांत बांधले. याच केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं गणितानं मांडून ते एका फ्रेंच नियतकालिकात छापलं, आणि त्या न पाहिलेल्या ग्रहांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. मला या माणसांत रस आहे तो यासाठी की त्यांतल्या कुणालाही एकादशी सोडायची नव्हती. ती खरी कधी येते हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

ज्याला उपास करायचाच नाही, त्याला एकादशी दोन तास इकडे सरकली काय आणि तिकडे सरकली काय. चंद्र चुकला तर नुकसान श्रद्धाळूचं. पंचांगाच्या सुधारणेतली बरीचशी कळकळ याच नुकसानीच्या भीतीतून आली आहे, आणि ही गोष्ट श्रद्धेवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

मात्र सुधारणेला विरोधही श्रद्धाळूंनीच केला, आणि त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ते म्हणत, ग्रहण ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट, तिथे खुशाल वेध घ्या आणि गणित दुरुस्त करा. पण श्राद्ध, व्रत, उपास यांचं फळ अदृष्ट आहे. जे फळ दिसत नाही त्याचा काळ डोळ्यांनी कसा ठरवणार? तिथे सूर्यसिद्धांत हा जुना ग्रंथ जसा आहे तसाच, निर्बीज घ्यायचा. बीज म्हणजे वेध घेऊन केलेली दुरुस्ती, निर्बीज म्हणजे दुरुस्तीविना. समोरून दृक्पक्षवाले वसिष्ठाच्या नावावर चालत आलेला श्लोक पुढे करत: 'यस्मिन् पक्षे यत्र काले येन दृग्गणितैक्यकम् । दृश्यते तेन पक्षेण कुर्यात् तिथ्यादिनिर्णयम् ॥' ज्या पक्षानं, ज्या काळी, डोळा आणि गणित एक होतील त्यानंच तिथी ठरवा. म्हणजे शास्त्राला उत्तर शास्त्रानंच दिलं जात होतं. एखाद्याला वाटेल, हे कसलं स्वातंत्र्य, शेवटी दाखला वचनाचाच. पण वचन कोणतं निवडलं ते पाहिलं पाहिजे. त्या वचनानं निर्णय पोथीकडून काढून आकाशाकडे दिला होता.

आणि आकाशानं जे दाखवलं ते फार विलक्षण आहे. थोडं तपशिलात शिरतो.

चंद्र एकसारख्या वेगानं चालत नाही. पृथ्वीजवळ आला की भराभर जातो, लांब गेला की रेंगाळतो. मधल्या, सरासरी चंद्रावरून खऱ्या चंद्रापर्यंत जाण्यासाठी जी दुरुस्ती करायची तिला मंदफळ म्हणतात. जुन्या सिद्धांतांत हे मंदफळ जास्तीत जास्त पाच अंशांच्या जरा वर आहे. आधुनिक गणितात हीच मुख्य दुरुस्ती सहा अंश सतरा कलांची आहे (साठ कलांचा एक अंश). मग जुने सव्वा अंशानं चुकले का? हो, आणि नाही. चंद्राला दुसरीही एक दुरुस्ती लागते, सूर्याच्या ओढीमुळे येणारी, जास्तीत जास्त एक अंश सोळा कलांची. गंमत अशी की अमावास्येला आणि पौर्णिमेला ही दुसरी दुरुस्ती पहिलीच्या नेमकी उलट पडते. सहा अंश सतरा कलांतून एक अंश सोळा कला गेल्या की उरतात पाच अंश एक कला, म्हणजे जवळजवळ जुना सिद्धांतच. अष्टमीला मात्र दोन्ही एकाच बाजूला पडतात आणि बेरीज होते सात अंश तेहेतीस कला. जुनं पंचांग तिथे अडीच अंशांपर्यंत मागे-पुढे होतं. चंद्र सूर्यापासून तासाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे अष्टमीच्या वेळेत पाच तासांची चूक होऊ शकते.

ग्रहणं फक्त अमावास्येला आणि पौर्णिमेलाच होतात. शतकानुशतकं पंचांगाची परीक्षा घेतली गेली ती ग्रहणाच्या दिवशी, गावासमोर, कारण सगळ्यांना दिसणारी तिथी तेवढी एकच. आणि तिथे ते पुष्कळ वेळा उतरत राहिलं. ज्या जागी ते चुकत होतं तिथे कुणी पाहत नव्हतं. अर्धा चंद्र नेमका कधी अर्धा झाला हे नुसत्या डोळ्यांनी पाच तासांच्या आत सांगता येत नाही, त्यासाठी यंत्र लागतं, सराव लागतो, आणि मुख्य म्हणजे शंका लागते. शके ८५४ मध्ये मुंजाल या ज्योतिष्यानं चंद्राला ही दुसरी दुरुस्ती सांगितली होती. पण रोजच्या पंचांगाच्या गणितात ती रुळली नाही. ग्रहण तर जुळत होतं, मग कशाला?

या चुकीचा माग एका छोट्या सूत्रातही राहिला आहे. जुने शास्त्री म्हणत, 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटिकांची तिथी वाढली तर पाच घटिकांनी, कमी झाली तर सहांनी. म्हणजे ६५ घटिकांपासून ५४ घटिकांपर्यंत. नव्या गणितवाल्यांनी दाखवलं की खरी मर्यादा 'सप्तवृद्धी दशक्षय' आहे, ६७ घटिकांपासून ५० घटिकांपर्यंत. घटिका २४ मिनिटांची, तेव्हा तिथी सुमारे २० तासांची असू शकते आणि पावणेसत्तावीस तासांचीही. ऐकायला हा दोन-चार घटिकांचा तंटा वाटतो. पण श्राद्धाच्या तिथीचे, क्षयतिथीचे, उपासाचे धर्मशास्त्रातले कितीतरी निर्णय 'बाणवृद्धी रसक्षय' गृहीत धरून केलेले होते. तो आकडा हलला की निर्णयांची सगळी उतरंड हलते. विरोध करणाऱ्यांना हे चांगलं कळत होतं. त्यांची भीती खोटी नव्हती.

चंद्राला तिसरीही एक दुरुस्ती आहे, जास्तीत जास्त ३९ कलांची. ती सर्वांत मोठी होते सूर्यापासून ४५ अंशांवर आणि १३५ अंशांवर, म्हणजे चतुर्थीला, आणि एकादशी संपून द्वादशी लागते तिथे. सव्वा तासाचा फरक, नेमका आपल्या उपासांच्या दिवशी.

एकादशीला सव्वा तास पुष्कळ झाला. वैष्णवांचा नियम असा की सूर्योदयाच्या आधीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्यात दशमीचा जरासा जरी स्पर्श असला तरी एकादशी विद्ध झाली, उपास दुसऱ्या दिवशी. स्मार्त मात्र सूर्योदय बघतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात कधी कधी लागोपाठ दोन चौकटींत 'स्मार्त एकादशी' आणि 'भागवत एकादशी' छापलेलं असतं ते यामुळे. दशमी सूर्योदयाआधी पावणेदोन तास संपते की दीड तास, यावर घरातलं साबुदाण्याचं भिजवण कोणत्या रात्री घालायचं ते ठरतं. परदेशातल्या मराठी घरांत तर याला आणखी एक वळसा आहे. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच, पण सूर्योदय ज्याच्या त्याच्या गावचा. समजा उन्हाळ्यातल्या एखाद्या सोमवारी भारतात सकाळी आठला एकादशी लागली, तर पुण्यात उपास मंगळवारी. न्यू जर्सीत तेव्हा रविवारच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तिथे सोमवारच्या सूर्योदयालाच एकादशी असते. पुण्याहून आईनं फोनवर सांगितलेला दिवस तिथल्या आकाशाला लागू पडत नाही. तिथे बसून आपल्या गावचा सूर्योदय काढणारी माणसं आहेत, आणि 'भारतात आहे तोच दिवस' म्हणणारीही. पहिल्यांना अधिक कष्ट पडतात, एवढं नक्की.

कुणाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर अवघड नाही. आकाश दाखवणारं कोणतंही चांगलं ॲप घ्या, त्यात सूर्याचा आणि चंद्राचा भोग, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गावर मोजलेला कोन, पाहा, चंद्रातून सूर्य वजा करा, उत्तर उणे आलं तर ३६० मिळवा, बारानं भागा. भागाकार म्हणजे संपलेल्या तिथी. चंद्र १०० अंशांवर आणि सूर्य ४० वर असेल तर अंतर ६०, पाच तिथी संपल्या, षष्ठी लागली. चुका होतात त्या ठरावीक जागी. ॲपमध्ये भोगाऐवजी विषुवांश वाचला जातो, तो वेगळ्या वर्तुळावरचा कोन आहे. वेळ ग्रिनिचची असते आणि आपण ती घड्याळातली समजतो, तर साडेपाच तासांत तिथीचा जवळजवळ पाव भाग सरकलेला असतो. आणि एक आकडा सायन (वसंतसंपातापासून मोजलेला), दुसरा निरयन (ताऱ्यांतल्या शून्य बिंदूपासून मोजलेला) असा घेतला तर २४ अंशांची, म्हणजे सबंध दोन तिथींची चूक. दोन्ही सायन घ्या किंवा दोन्ही निरयन, उत्तर एकच येतं. महिनाभर रोज संध्याकाळी हे केलं की पंचांगाकडे पाहण्याची नजर बदलते. त्यातल्या वेळा मग कुणी तरी काढलेल्या वाटू लागतात.

त्या कुणी तरी माणसांतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस चारशे नाही, पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या उत्तरेला समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिला. गावातल्या सिद्धिविनायकाशीही त्यांचं नाव जोडलं जातं. वडील केशव दैवज्ञ वेध घेणारे. ग्रंथांतले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नाहीत हे त्यांनी नोंदवलं, आणि पुढच्या गणकांनी आपापल्या काळात पुन्हा पाहून दुरुस्ती करावी असं सांगून ठेवलं. मुलानं ते मनावर घेतलं. त्यानं सूर्य घेतला सौर सिद्धांतातला. चंद्रही तिथलाच, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षातले, बुधाचं केंद्र ब्राह्मपक्षातलं. शनी आर्यपक्षातला, त्यात पाच अंश मिळवून. शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांच्या मधला आकडा. हे सगळे सिद्धांत पूज्य, एकेकाच्या मागे ऋषींची किंवा देवांची नावं. नांदगावच्या या माणसानं ते समोर पसरले आणि ज्याचा जो आकडा आकाशाशी जुळला तो उचलला. एका शाखेला चिकटून राहणं त्याला जमलं नाही. हे तो लपवतही नाही. एका श्लोकात सगळी यादी देऊन शेवटी म्हणतो, असे हे ग्रह दृक्तुल्य, म्हणजे डोळ्यांना दिसतात तसे, होतात.

त्याच्या पद्धतीची सोय एवढी की ज्या-चाप, म्हणजे त्रिकोणमिती, काढूनच टाकली. शकातून १४४२ वजा करायचे, अकरानं भागायचं. भागाकार म्हणजे चक्रं, एक चक्र ४०१६ दिवसांचं, जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास. बाकीची वर्षं, महिने, तिथी मिळवून दिवसांची संख्या, मग ग्रंथात ठरवून दिलेले आकडे, ध्रुवांक आणि क्षेपक. २०२३ साठी, शके १९४५, गणित मांडलं तर ४५ चक्रं आणि बाकी ८. खेड्यातल्या जोश्याला धूळपाटीवर सुद्धा जमावं असं. म्हणूनच तो महाराष्ट्रभर पसरला, आणि म्हणूनच पुढे तोच अडसर झाला. केशवांनी सांगितलेलं पुन्हा पाहण्याचं काम मागे पडलं, आकडे तेवढे पाठ झाले. एका पिढीनं आकाशाकडे बघून काढलेली कोष्टकं पुढच्या पिढ्यांनी आकाशाकडे न बघण्यासाठी वापरली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिला तेव्हा यातल्या प्रत्येक गणकाला अगदी न्यायानं तोललं आहे, कुणाचं काय मूळचं आणि कुणाचं काय उसनं. तेही दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. कोकणच्या किनाऱ्यावर या शास्त्राची एक पट्टीच दिसते.

इथवर मी या मंडळींची बाजू घेत आलो. आता जे खटकतं तेही मांडायला हवं.

त्याच पंचांगाची पानं उलटली की पुढे विवाहाचे मुहूर्त येतात, नक्षत्रशांती येते, राशिभविष्य येतं. चंद्राची वेळ मिनिटापर्यंत तपासणारी नजर या पानांवर आली की निवते. आणि तपासायला साधन नाही असंही नाही. रेवती आणि चित्रा या पक्षांत चार अंशांचं अंतर, नक्षत्र १३ अंश २० कलांचं. म्हणजे दर दहा बाळांमागे तिघांचं जन्मनक्षत्र एका पंचांगात एक आणि दुसऱ्यात दुसरं. एका पंचांगात मुलाची शांत करायची, दुसऱ्यात काही नाही. एकाच्या गुणमेलनात लग्न जमतं, दुसऱ्यात नाडी आडवी येते. दोन्हीकडचे ज्योतिषी शंभर वर्षं आपापली भाकितं सांगत आले, आणि फळात फरक दिसतो का, हे शून्य बिंदूच्या वादात कुणी निर्णायक मानलं नाही. चार अंश इतके महत्त्वाचे होते की घरं फुटावीत, पण आयुष्यात ते दिसायला हवेत असं कुणाला वाटलं नाही. ही आपल्या ज्योतिषाची अष्टमी. तिकडे कुणी दुर्बीण वळवली नाही.

वळवली ती दुसऱ्यांनी. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या दोनशे कुंडल्या जमवून महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांना आवाहन केलं: कुंडलीवरून सांगा, मूल कोणत्या गटातलं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, प्रत्येकाला चाळीस. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही साधारण तेवढंच आलं असतं. हे २००९ मध्ये छापून आलं. छत्र्यांच्या आणि केतकरांच्या परंपरेतल्या कुणी तरी हे आधीच, आपल्या हातानं करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. हत्यारं त्यांच्याकडे होती. 'दृक्तुल्य' हा शब्दही त्यांचाच होता.

तरी त्यामुळे आधीचं काम खोटं ठरत नाही. १९५२ मध्ये केंद्र सरकारनं भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेची समिती नेमली. साहा श्रद्धाळू नव्हते. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते, केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. सणांसाठी चित्रापक्ष धरून २१ मार्च १९५६ चं अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन शून्य बिंदूंतलं अंतर, २३ अंश १५ कला असं ठरलं. ज्याला उपास नाही तो आणि ज्याला आहे ते, एकाच कोष्टकावर वाकून बसू शकले, कारण गणित तपासायला दोघेही तयार होते. माणूस देव मानतो की नाही यापेक्षा तो कोणत्या पानावर तपासणं थांबवतो, हे मला अधिक बोलकं वाटतं. आणि थांबतो तर बहुतेक प्रत्येक जण. कुणी मुहूर्ताच्या पानावर, कुणी आपल्या पक्षाच्या, कुणी आपल्या पुढाऱ्याच्या.

तुकोबांनी तर पंचांगच मिटलं होतं. 'तुका म्हणे हरिच्या दासां । शुभ काळ अवघ्या दिशां ॥' मुहूर्त बघणाऱ्यापेक्षा मोकळा श्रद्धाळू इथे उभा आहे, गणिताची वाटसुद्धा न धरता. आणि त्यांच्याच पालख्या आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरात पोचण्यासाठी दिवस मोजून निघतात. मला यात विसंगती दिसत नाही. भीतीनं वेळ पाहणं वेगळं, भेटीची वेळ ठरवणं वेगळं.

त्या सोमवारी, २१ ऑगस्टला, दीड दिवसाचा गणपती निघाला. रस्त्यावर मांडव नव्हता, ढोल नव्हता, शाळेला सुट्टी नव्हती. ज्या माणसानं १८९३ मध्ये गणपती चौकात आणला, त्याच्याच नावाचं पंचांग पाळणारं ते घर त्या दिवशी एकटंच होतं. पाऊस नुकता उघडला होता. पाट उचलायला घरात दोनच माणसं, म्हणून शेजारच्या काकू पुढे झाल्या. त्यांचा श्रावणी सोमवार होता, सकाळपासून पोटात पाणी तेवढं. दारात त्यांनी पाटाला हात लावला, 'मोरया' म्हणाल्या, आणि हातावर पडलेली खिरापत पदराच्या टोकाला बांधून घेतली. उपास सुटायला अजून सूर्य मावळायचा होता. चालता चालता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एकोणीसला. तुम्ही या हं, तेव्हा आरतीला माणसं लागतात." मांडवीच्या वाळूवर पाट टेकला तेव्हा समुद्र आत होता, आणि पश्चिमेला ढगांच्या फटीत पंचमीची कोर दिसत होती.